दरडोई खोल्या

फॉर्ममागे चाळीस रुपये. टॅब त्यांचा, चप्पल माझी.
निपानियापासून बायपासपर्यंतचा तुकडा माझ्या वाट्याला आला.
शहरात आलेली माणसं शहरात किती मुरली
ते शून्य ते शंभरात काढायचं आहे,
बरणी न उघडता लोणच्याचं सांगावं, तसं.

सकाळी थावरी डावर भेटली, आलिराजपूरची.
डोक्यावर विटा, म्हणून मान न हलवता बोलली.
जन्मतारीख?
नावातच आहे, म्हणाली. थावर. शनिवार.
वार चालत नाही, बाई, तारीख लागते.
मी एक जानेवारी टाकलं.
माझ्या तुकड्यात एक जानेवारीला
एकशे बारा माणसं जन्मली आहेत.

मग कडोरे अहिरवार, टीकमगढ.
चौदा मजली सांगाड्याचा चौकीदार.
बायको, मुलगा, मुलगी, एक शेळी.
शेळीला रकाना नाही.
राहत्या खोल्या किती?
त्यानं वर पाहिलं. मीही पाहिलं.
"भिंती असलेल्या, की सगळ्या?"
सध्या तिसऱ्यावर आहेत.
तिथे फरशी लागली की चौथ्यावर,
असं करत करत गच्चीपर्यंत, आणि मग खाली, फाटकाबाहेर.
मी इमानदारीनं मोजून लिहिलं: दोनशे चोवीस.
माणसं चार. दरडोई छप्पन्न.

संध्याकाळी कुलश्रेष्ठ सरांचा फोन.
तुमच्या वॉर्डातला सर्वांत श्रीमंत माणूस
तीन विटांच्या चुलीवर भाकरी भाजतो, मॅडम.
आलेख उताणा पडलाय.
उद्या दुरुस्त करून या.

रात्री डाळ शिजेपर्यंत
तोच फॉर्म मी स्वतःला लावून पाहिला.
शहरात किती वर्षं? चौकटीत दोनच आकडे मावतात.
आमचे दळवी कुणाच्या तरी घोड्यामागे चालत आले होते,
दोनशे तर सहज झाली.
नव्याण्णव टाकलं.
मूळ गावी कोण आहे?
कोणी नाही. गावच आता फक्त लग्नपत्रिकेत येतं,
कुलदैवताच्या खाली, बारीक टायपात.
शेजारी तुम्हाला आपलं मानतात का, एक ते पाच?
समोरच्या पोरवालबाई एकतीस वर्षं
मला 'मराठी भाभी' म्हणतात.
कढी पाठवतात, वाटी परत मागत नाहीत.
तीन टाकलं. मग चार केलं.
मग परत तीन.

सकाळी कडोरे सिमेंट उतरवून घेत होता.
मुलगी वर होती, बिन्नू.
खोल्या चुकल्या ग, म्हटलं, पुन्हा मोजायला आलेय.
मोजायचं म्हटल्यावर तिला काही वेगळंच वाटलं.
धावत जाऊन एका खांबाला पाठ लावून उभी राहिली,
टाचा टेकवून, हनुवटी सरळ.
खांबावर कोळशाची रेघ होती, तिच्या केसांच्या जरा खाली.
बाप प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक ओढतो.
पहिली कनाडियाला, तिच्यावर आता कुणाचा टीव्ही टांगलाय.
बिचोलीतली पुट्टीखाली गेली.
तलावलीत तो खांबच कपाटात गेला, म्हणाली,
आणि हसली, जणू तिनंच लपवला होता.
मी पर्समधली टेप शोधत होते.
तिनं सांगून टाकलं:
उभ्या पाच विटा आणि वर चार बोटं.
बोटं पप्पांची.

पुढच्या वर्षी कुठे असाल? हा एकतिसावा प्रश्न.
तिनं रस्त्यापलीकडचा खड्डा दाखवला,
पिवळं पाणी साचलेला.
"वो वाला. उसमें दो लिफ्ट लगेंगी."

दोनशे चोवीस खोडून मी एक केलं.
तीही थापच, पण आलेखाला चालणारी.
शेऱ्यासाठी शंभर अक्षरं मिळतात.
लिहिलं: मुलीची उंची पाच विटा चार बोटं,
आधीच्या नोंदी कनाडिया, बिचोली, तलावली, रंगाखाली.
पडद्यावर आलं, शेरा प्रश्नाशी संबंधित नाही,
तरी जतन करायचा?
माझ्या आधी बिन्नूनं बोट दाबलं.
काचेवर काळा ठसा उमटला, 'हो' च्या बरोब्बर वर.

घरी येईस्तोवर मी तो पुसला नाही.
टॅब सोमवारी जमा करायचा आहे.